कुणाचंकाका

कुणाचंकाकांना खऱ्या नावाने ओळखणाऱ्या जागा आता दोनच उरल्या होत्या, एक बँक आणि दुसरी वीज कंपनी. बाकी सगळ्या गल्लीला ते कुणाचंकाका, आणि त्याला कारण ते स्वतःच. जिन्यात कुणी गुणगुणलं, गॅलरीत कपडे वाळत घालताना कुणी दोन ओळी म्हटल्या, की काकांचं डोकं खिडकीबाहेर आलंच आणि प्रश्न आलाच, "कुणाचं?" शब्द कुणी लिहिले, चाल कुणी लावली, एवढंच त्यांना हवं असे. पण गाणारा आपल्याच तंद्रीत. त्याला वाटे, खाली कुणाचा तरी टॉवेल पडला.

रेडिओ केंद्रात चौतीस वर्षं ते नोंद कारकून होते. जे गाणं हवेवर जाईल त्याची वहीत नोंद करायची. शब्द अमुक, चाल तमुक, आवाज ह्यांचा, इतकी मिनिटं, इतके सेकंद. गाणारे गाऊन जात, वाजवणारे वाजवून जात, सगळ्यांच्या मागे काका दिवे मालवायला राहिल्यासारखे राहत आणि कुणाचं काय ते लिहून ठेवत. वहीत एक खाडाखोड नव्हती. स्वयंपाकघरात काकूंना ते डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला लावत, कारण "हळद" मधला ळ काकूंनी गिचमिड काढलेला असे. असा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते काकूंना विचारा.

"एका गाण्यात तीन बिऱ्हाडं राहतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. "शब्दांचं एक, चालीचं एक, आणि ध्वनिमुद्रण ज्याने केलं त्याचं एक. एकाला विचारलं म्हणून तिघांच्या घरात शिरता येत नाही."

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा सलूनवाल्याने ऐकलेलं. महिन्यातून एकदा त्या दोघांची जुंपायचीच. मानेवर वस्तरा असताना वाद घालणारा माणूस म्हणून काकांचं धाडस गल्लीत मान्य होतं.

"मी पैसे भरून गाण्यांचं ॲप घेतलंय, काका."

"ते तुझ्या कानांपुरतं. दुकानात गिऱ्हाइकांसाठी वाजवायचं तर वेगळा परवाना लागतो."

"मग गिऱ्हाइकांनी काय कानात बोळे घालून बसायचं?"

"परवाना काढायचा."

"बरं, सात-सात सेकंदच वाजवतो. सात सेकंद फुकट असतात म्हणे."

"कोण म्हणे? असं सेकंदांचं माप कुठे लिहिलेलं नाही. गाणं शिकवायला, त्याच्यावर चर्चा करायला, टीका करायला थोडंसं घेतलं, तर त्याला रास्त वापर म्हणतात. तिथेही का घेतलं आणि किती घेतलं ते बघतात. तू काय दाढी करता करता टीका करणारेस?"

"तुमच्यावर करतोच की," सलूनवाला म्हणाला आणि त्याने काकांच्या तोंडावर गरम टॉवेल दाबला. तेवढा वेळ शांतता.

वहीत काकांचा सगळ्यात लाडका शब्द होता "पारंपरिक". ज्या गाण्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलं, तिथे हा शब्द. लिहिताना ते "प" ला खालून एक बारीकशी वेलबुट्टी काढत. नियमात ती नव्हती, पण आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाने एका अक्षरावर एवढी चैन केली तर कुणी काय म्हणावं. हे गाणं म्हणजे सार्वजनिक नळ, असं ते समजावत. कर्ता जाऊन कायद्याने ठरवलेली वर्षं उलटली की त्याचंही गाणं ह्याच नळाला येऊन मिळतं. कुणीही यावं, पाणी भरावं. भरून नेलेला हंडा तुमचा, पण म्हणून नळ तुमचा होत नाही.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. दारात एक बाई उभ्या होत्या, साठी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, पायात पांढरे बूट. बूट बघूनच काकूंनी ओळखलं की ह्या दवाखान्यातल्या.

"आम्ही मुलांच्या वॉर्डात सिस्टर होतो," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं. रेडिओतल्या मॅडमनी तुमचा पत्ता दिला. आम्ही बसू का?"

काकांनी त्यांच्या मागे पाहिलं. आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी नव्हतं. बाई एकट्याच होत्या, बोलणं तेवढं अनेकवचनी. आम्ही औषध देतो, आम्ही डॉक्टरांना सांगतो, असं वॉर्डात बोलता बोलता जिभेला वळण पडलेलं, ते निवृत्त झाल्यावर कसं सुटणार?

सिस्टरनी सगळं सांगितलं. वॉर्डात एक गाणं होतं. पोरांच्या खाटांवरच्या चादरी बदलायच्या वेळी म्हणायचं. चादर बदलणं म्हणजे दुखऱ्या पोराला उचलणं, आणि उचललं की ते भोकाड पसरणार. गाणं सुरू झालं की रडणं निम्म्यावर येई. त्यांच्यानंतर आलेल्या पोरीही तेच म्हणत राहिल्या. एकदा सिस्टर ते रेडिओवरही गायल्या होत्या. वर्षापूर्वी एका संगीत कंपनीने बालगीतांचा संच काढला, त्यात हे गाणं सतारी-बितारी लावून घातलं. मागच्या आठवड्यात सिस्टरच्या जावयाने सासूबाईंचा गातानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, तर दोन दिवसांत नोटीस. हे गाणं आमचं, तुम्ही वापरलंत, काढा. दवाखान्यालाही तसंच पत्र गेलं. दवाखान्याचे लोक घाबरट. त्यांनी वॉर्डात गाण्यावर बंदीच घातली.

"आम्ही गेलो होतो विचारायला," सिस्टर म्हणाल्या. "नवी पोरगी आहे तिथे. चांगली आहे हो. पण म्हणाली, सिस्टर, तुम्ही ते कुठून तरी उचललं होतंत ना? आम्ही काय बोलणार! ज्या वॉर्डात गाणं जन्मलं, तिथेच आम्ही चोर."

त्यांनी फोन पुढे केला. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते, त्यातले चार गेलेले. गाणं सिस्टरचं नाही ह्याचा पुरावा म्हणून कंपनीने एका पानाचा फोटो जोडला होता. काकांनी चष्मा वर सारला आणि फोन जवळ धरला. पान त्यांच्याच वहीतलं. अक्षर त्यांचं. शब्द, पारंपरिक. चाल, पारंपरिक. आणि दोन्ही "प" खाली ती वेलबुट्टी.

"आधी एक सांगतो," काका घाईने म्हणाले. माणूस अडचणीत आला की आधी कायदा आठवतो. "गाणं पारंपरिक असलं तरी कंपनीला असं करता येत नाही. त्यांचा हक्क त्यांच्या ध्वनिमुद्रणापुरता. हंडा त्यांचा, नळ नाही. ही नोटीस टिकणार नाही."

"पण ते पारंपरिक नाहीच ना," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हीच तसं सांगितलं असणार. मी विचारल्याशिवाय कधी लिहिलं नाही."

"विचारलंत की. तुम्ही विचारलंत, गाणं कुणाचं. आम्ही म्हटलं, आमचंच."

"बघा! आमचंच म्हणजे आमच्याकडचं, आमच्यात चालत आलेलं. सगळे असंच..." आणि इथे काकांची गाडी अडली. समोर ही बाई एकटी बसलेली आणि आल्यापासून आम्ही गेलो, आम्ही बसू का. "म्हणजे तुमचं 'आमचं' म्हणजे 'माझं' होय?"

"अहो, तसं नाही, ते..."

"कळलं, कळलं. पुढचं माझ्यावर सोडा," काका म्हणाले आणि उठलेच. सिस्टर काहीतरी सांगायला तोंड उघडून तशाच राहिल्या. काकूंनी ते पाहिलं, पण त्या चहा गाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका रेडिओ केंद्रात गेले. जुन्या टेपा जिथे ठेवतात त्या खोलीच्या प्रमुख मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. पुढच्या महिन्यात केंद्राच्या दालनात काचेच्या पेटीत जुन्या वह्या मांडायच्या होत्या, खाली काकांच्या नावाची पितळी पाटी. मॅडमनी पाटीचा मसुदाही दाखवला होता. "चौतीस वर्षं, एकही चूक नाही." काकांनी घरी येऊन ते वाक्य काकूंना तीनदा वाचून दाखवलं होतं.

टेप सापडली. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. मॅडमनी ती यंत्रावर चढवली. आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग एक तरणा, कडक, घाईत असलेला आवाज. काकांना तो क्षणभर ओळखूच आला नाही.

"गाणं कुणाचं?"

"आमचंच. म्हणजे अक्का आणि..."

"बरं, बरं. लाल दिवा लागला की सुरू करा."

मग दिवा लागला असावा, कारण सिस्टरचा आवाज आला, आत्तापेक्षा बारीक, थोडा थरथरता.

"कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ,
तापाला दाखवा दाराची वाट."

काकांना तो दिवस आठवला. दवाखान्याची ओळख करून देणारा कार्यक्रम होता, स्टुडिओ दहाच मिनिटं मोकळा होता आणि खाली कँटीन दोन वाजता बंद होई. बस्स, एवढंच. दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती, म्हणून एका बाईचं वाक्य त्यांनी अर्ध्यात तोडलं. आणि काल, घरात, कसलीही घाई नसताना, पुन्हा तेच केलं.

"अक्का कोण?" मॅडमनी विचारलं.

"ठाऊक नाही. मी विचारलंच नाही," काका म्हणाले. "नोंद दुरुस्त करावी लागेल. मी लिहून देतो."

मॅडम अवघडल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्या टेबलावर काम फार होतं. "काका, जरा विचार करा. तुमच्या वह्यांत 'पारंपरिक' चारशेच्या वर आहेत. लोक त्या बघून ठरवतात की गाणं सगळ्यांना मोकळं आहे. तुम्ही एक चुकलो म्हणालात, की बाकीच्यांवरही बोट येणार. पाटीचं तर सोडाच. त्यापेक्षा सिस्टरनाच अर्ज करू द्या. आपण म्हणू, नोंद जुनी आहे, आम्हांला कल्पना नाही."

काका घरी आले ते गप्प. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा काकूंनी ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, काय झालं? काकांनी सगळं सांगितलं. टेप, अक्का, चारशे नोंदी, पाटी. मग म्हणाले, "तसं बघितलं तर त्या बाईंचं बोलणंच संदिग्ध. आणि टेप बनवणाऱ्याने ते बोलणं ऐकायला हवं होतं. आणि तपासणारे साहेब होते की वर, त्यांनी..."

"ऐका," काकू म्हणाल्या. "जन्मभर जगाला विचारत फिरलात, कुणाचं, कुणाचं. माझ्या आईने मला झोपवताना म्हटलेल्या गाण्याचासुद्धा पत्ता विचारलात तुम्ही, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आता मी एकदाच विचारते. चूक कुणाची?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझी," ते म्हणाले.

"मग तसं लिहा. आणि भाजीत मीठ नाहीये, तेही बोला. मला मघाशीच कळलंय."

त्या दुपारी काकांनी कागद घेतला. कारकुनी भाषेत एक सोय असते, "सदर नोंदीत त्रुटी राहून गेल्याचे आढळते." त्रुटी आपोआप राहते, आपोआप आढळते, माणूस कुठेच नाही. काकांनी सवयीने तसं लिहिलं आणि मग ते खोडलं. चौतीस वर्षांत हाताला खोडायची सवय नव्हती, रेघ वाकडी गेली. खाली त्यांनी लिहिलं, "मी विचारलं, उत्तर पूर्ण ऐकलं नाही, आणि मनाने 'पारंपरिक' लिहिलं. चूक माझी." खाली सही केली. मग सिस्टरना फोन लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "अक्का कोण, ते सांगा. मी ऐकतोय."

सिस्टर केंद्रातच आल्या, मॅडमच्या टेबलापाशी बसल्या आणि सांगू लागल्या. काका एकदाही मधे बोलले नाहीत. ते त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या हलणाऱ्या गुडघ्यावरून दिसत होतं.

अक्का दवाखान्याच्या लाँड्रीत होत्या. धुतलेल्या चादरींचा गाडा घेऊन वॉर्डात यायच्या आणि घड्या करायला सिस्टरना हाक मारायच्या. मोठी चादर, दोघी दोन टोकांना. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे जायचं. त्या मागे-पुढे जाण्याचा एक ठेका होता आणि अक्का त्याच्यावर तोंडातल्या तोंडात काहीतरी चाल म्हणायच्या, शब्द नसलेली. एकदा भाजलेलं एक पोर फार रडत होतं. चादरीखाली हात गेला की किंचाळायचं. अक्कांनी चाल धरली आणि सिस्टरनी त्यावर शब्द घातले, त्या पोराकडे बघत, एकेक ओळ, घडीगणिक. पोर बघत राहिलं. चादर कधी बदलली ते त्याला कळलंच नाही.

"रेडिओवर जायचं तेव्हा अक्कांना रजा नाही मिळाली," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाल्या, तू जा, आपलं दोघींचं सांग. आम्ही सांगायला लागलो होतो. दिवा लागला."

काकांनी मान खाली घातली.

"तुम्हांला वाटलं, आम्ही आपलं स्वतःलाच आम्ही म्हणतो. म्हणतो, खरं आहे. पण त्या दिवशी आम्ही म्हणजे खरंच आम्ही होतो हो. चादरीची घडी एकटीने होते का कधी?"

मग नोंद करायची वेळ आली. मॅडमनी वही समोर ठेवली. दुरुस्तीचा नियम असा, की जुनं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, वर नवं लिहायचं, बाजूला तारीख आणि सही. काकांनी पट्टी लावून दोन "पारंपरिक" वर दोन रेघा मारल्या. शब्दांपुढे सिस्टरचं नाव लिहिलं. चालीपाशी पेन थांबवून त्यांनी विचारलं, "अक्कांचं पूर्ण नाव?"

"अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन," सिस्टर म्हणाल्या. "आता चालेल का त्यांचं नाव? की गेलेल्या माणसाचं सार्वजनिक होतं? तुमच्या त्या नळात?"

"नाही, नाही," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "माणूस गेलं की लगेच नाही होत. पुष्कळ वर्षं आहेत अजून. अक्का गेल्या, तरी चाल अक्कांचीच आहे. कंपनीला ती हवी असेल तर तुम्हांला विचारावं लागेल आणि अक्कांच्या मुलीलाही."

सिस्टर एकदम रडायलाच लागल्या. नोटीस आली तेव्हा रडल्या नव्हत्या, चोर म्हटलं तेव्हा रडल्या नव्हत्या. डोळे पुसत त्यांनी अक्कांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, न अडखळता. वीस वर्षं चादरींच्या पावतीवर रोज ती सही त्यांनी पाहिली होती. काकांनी ते नाव वहीत उतरवलं. वेलबुट्टी कुठेच काढली नाही.

हरकत मुदतीत गेली, सोबत टेप आणि काकांचा कबुलीजबाब. कंपनीने नोटिसा मागे घेतल्या आणि परवान्यासाठी दोघींच्या घरी रीतसर पत्रं पाठवली. वॉर्डातली बंदी उठली. त्या नव्या पोरीने सिस्टरना बोलावून घेतलं आणि घडीचा ठेका नीट शिकून घेतला, कारण त्या पोरी इतकी वर्षं तो चुकीच्याच टोकापासून धरत होत्या. पाटीवरचं "एकही चूक नाही" मॅडमनी काढून टाकलं. राहिलं नुसतं "चौतीस वर्षं". सलूनवाल्याला हे कळलं तेव्हा तो चेष्टा करणार असं गल्लीने धरलं होतं. त्याने काकांची दाढी केली, गाण्यांचं ॲप बंद ठेवलं आणि परवान्याचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

काका मात्र थांबले नाहीत. त्यांनी वह्यांतल्या चारशे "पारंपरिक" ची यादी केली आणि रोज सकाळी चहा झाला की फोन घेऊन बसू लागले. पुष्कळ नंबर बंद निघाले, पुष्कळ माणसं गेली होती. खरोखरची पारंपरिकही बरीच निघाली. काकूंनी स्वतःच्या अक्षरात त्यांना एक वही आखून दिली आणि काकांनी तिच्यातला "ळ" मुकाट्याने चालवून घेतला.

सतराव्या दिवशी एका म्हाताऱ्या नावाड्याने फोन उचलला. ऐकायला त्याला कमी येत होतं. काकांनी गाण्याची पहिली ओळ मोठ्याने म्हणून दाखवली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"ते होय?" पलीकडून आवाज आला. "ते आमचंच."

काकूंनी हातातलं काम थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी पेन वहीवरून उचललं आणि फोन कानाला घट्ट धरला.

"आमचंच म्हणजे?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांगा. मला काही घाई नाही."